बाराव्या मिनिटाला

प्रिय सुशीला,

उद्या रविवार. सकाळचे नऊ वाजले की मेघा पुण्याहून पडद्यावर येईल, आणि त्याआधी मला एक गोष्ट कुणाजवळ तरी कबूल करायची आहे. ज्याच्याजवळ असलं काही बोलावं असं माणूस केशोरीत आता उरलेलं नाही. म्हणून तुला लिहायला बसलो.

नावाने हाक मारली म्हणून हसू नकोस. छत्तीस वर्षं "आयकून रायली का?" एवढ्यावर आपला संसार चालला. पण पत्राच्या वर ते कसं लिहायचं? आणि तू आता ऐकतेस की नाही, ते तरी मला कुठे माहीत आहे!

हे पत्र तुझ्याच कॉम्प्युटरवर लिहितो आहे, दोन बोटांनी. तू कीबोर्डवर चिकटवलेल्या मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्यांपैकी दोन-तीन गळून पडल्या आहेत, तिथे अंदाजाने बोट मारतो. दुपारचे अडीच वाजले आहेत. बाहेर धानाची कापणी चालू आहे आणि गावात सगळीकडे तणसाचा वास आहे. घरात कॉम्प्युटरच्या या डब्याच्या पंख्याचा आवाज तेवढा आहे.

हा डबा महिनाभर मला छळत होता, हे तुला सांगायचं राहिलंच.

तुझ्यामागे रविवारची वेळ मेघाने चालू ठेवली. मी म्हणालो होतो, फोन करत जा, पुरे. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुम्हा दोघींनाही माहीत. "हो. बरं. ठेवतो." तीन शब्दांत काम संपतं. ती म्हणाली, "नाही बाबा, आई मोठ्या पडद्यावर बोलायची, तुम्हीही तसंच बोला. मला चेहरा दिसला पाहिजे." मग मी दर रविवारी दाढी करून, तुझ्या खुर्चीवर, तुझ्या उशीला पाठ टेकून बसायला लागलो.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. मेघा काहीतरी सांगत होती. "बाबा, परवा मला आईची ती..." एवढं म्हणाली आणि पडदा काळा! आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. घरात लाइट होती, वरचा पंखा चालू, आणि हा डबा तेवढा मेलेला. पुन्हा सुरू केला, तर तीन-चार मिनिटांत परत तेच. नंतर फोन करून विचारलं, "काय म्हणत होतीस गं?" तर म्हणाली, "काही नाही, असंच."

आईची ती काय? मी त्यानंतर विचारलंच नाही. आता वाटतं, काऊन नाही विचारलं?

पुढच्या रविवारीही तसंच. नऊला सुरू, नऊ बाराला बंद. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तुला आठवतं ना, टेलच्या, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी पाणी पोचत नाही अशी तक्रार केली की मी कसा पेटून उठायचो? इटियाडोह धरणाच्या कालव्यावर माझी सगळी नोकरी पाणी कुठे अडलं ते शोधण्यात गेली. कालवा काही आपल्या मनाने कोरडा पडत नाही. कुठेतरी पोतं अडकलेलं असतं, बाभळीची फांदी आडवी पडलेली असते, नाहीतर कुणी गुपचूप बांध घातलेला असतो. टेलपासून गेटपर्यंत उलटं चालत जायचं. म्हटलं, चला, इथेही तसंच चालू.

आधी भिंतीतलं बटण बघितलं. मग वायर बदलली. मग हिरालाल वायरमनला बोलावलं, तुझ्या शाळेची लाइट दुरुस्त करायचा तोच. त्याने मीटर लावला, खालीवर बघितलं, पिन हलवून बघितली. म्हणाला, "काका, लाइटचा काई दोष नाई. बरोबर येऊन रायली. तुमचा डब्बाच बुढा झाला."

"डब्बा बुढा नाई झाला," मी म्हणालो. "मी बुढा झालो असं म्हन ना सरळ."

"मी कायले म्हनू? तुमीच म्हनून रायले," तो म्हणाला आणि हसत निघून गेला. चहा घेऊन जा म्हणालो, थांबला नाही. कापणीच्या दिवसांत कुणालाच वेळ नसतो.

मग गोंदियाची एसटी धरली. डबा तुझ्या जुन्या हिरव्या पातळात बांधला आणि मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, एवढं जपून काय धरून रायले? देव हाय का?" मी म्हणालो, "हो." त्याने हात जोडले! तू असतीस तर नवेगाव येईपर्यंत हसली असतीस.

गोंदियाच्या दुकानातला चष्मेवाला म्हातारा कारागीर माझ्यासारखाच कुरकुऱ्या. त्याने डबा टेबलावर आडवा टाकला, वायर जोडली आणि दुसऱ्या कामाला लागला. दोन तास झाले तरी डबा चालूच! मला म्हणाला, "अंकलजी, मशीन एकदम ठीक है। घर की अर्थिंग देखो।" मी म्हटलं, रोज बंद पडतो. त्याने चष्मा वर केला. "रोज? रोज इस पे करते क्या हो आप?"

मी डबा पातळात बांधला आणि परत आलो. घरी टेबलाखाली होता तसा उभा ठेवला, सुरू केला, आणि बाराव्या मिनिटाला बंद.

त्या रविवारी मेघा वैतागली. "बाबा, सोडा ना आता ते सगळं. घर बंद करा आणि इकडे या. काही झालं तर कोण आहे तिथे?" मी विचारलं, "एक डबा बिघडला म्हनून घर सोडू का?" ती काहीतरी बोलली, पण ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात बारा मिनिटं झाली होती. त्या दिवशी मला त्या डब्याचा पहिल्यांदा खरा राग आला. मी एकटा राहू शकत नाही, हे तो दर रविवारी माझ्या मुलीला दाखवून देत होता.

मग मी ऑफिसात करायचो तेच केलं. जुनं रजिस्टर काढलं, रेघा मारल्या, रकाने पाडले. वार, सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, कारण. दहा दिवस नोंद ठेवली, रविवारचीच नाही, रोजची. आणि एका दुपारी चष्मा पुसून ती पानं नीट वाचली, तर सगळं समोरच होतं! सकाळी थंड असताना सुरू केला तर बारा मिनिटं चालतो. बंद पडल्याबरोबर परत सुरू केला तर तीन-चार मिनिटं. तासभर आराम दिला की परत बारा. म्हणजे लाइटचा प्रश्नच नव्हता. डबा तापत होता, आणि जळून जाऊ नये म्हणून आपला आपण बंद होत होता. वर हात ठेवून पाहिला. सुशीला, तव्यासारखा!

आता तापतो कशाने? बाजूचे दोन स्क्रू काढले आणि झाकण सरकवलं. आत वायरींचं जंगल. मधोमध एक छोटा पंखा, त्याच्याखाली धातूच्या पातळ पातळ पट्ट्या. बटण दाबलं तर मागचा मोठा पंखा नेहमीसारखा आवाज करत फिरतो, हा छोटा मात्र फिरायचा प्रयत्न करतो, एवढासा हलतो आणि थांबतो. बॅटरी घेऊन वाकलो.

तांदूळ होते.

पिवळे, कुंकू लागलेले. पात्याच्या कडेला चार दाणे अडकलेले, बाकीचे खाली पट्ट्यांच्या फटीत. एक झेंडूची पाकळीही होती, वाळून कागद झालेली. गोंदियाच्या दुकानात डबा आडवा होता तेव्हा दाणे खाली पट्ट्यांत घसरले, पंखा मोकळा झाला. घरी उभा केला, दाणे परत पंख्यात. कारागिराने झाकण उघडलं असतं तर त्यालाही दिसले असते. पण त्याने तरी कशाला उघडावं? त्याच्यासमोर तर चालतच होता ना!

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. कारण ते तांदूळ कुणी टाकले ते मला माहीत होतं.

दसऱ्याला तू सगळ्यांची पूजा करायचीस. विळा, भाजी चिरायची पावशी, माझी सायकल, शिवणाची मशीन, आणि शेवटी हा कॉम्प्युटर. आणि दरवर्षी डब्यावर आधी एक रुमाल अंथरायचीस. पांढरा, कोपऱ्यात निळं फूल काढलेला. त्याच्यावर हळद-कुंकू, त्याच्यावर फूल, त्याच्यावर अक्षता. मी नारळ घेऊन मागे उभा. दरवर्षी माझा तोच टोमणा: "त्याले कायले रुमाल? थंडी वाजून रायली का त्याले?" आणि दरवर्षी तुझं तेच उत्तर: "तुमी चूप रा. नारळ फोडा."

तू सांगायचं होतंस की! एवढंच म्हणायचं होतं, "वरून जाळी आहे, दाणे आत पडतात." एका वाक्याचं काम होतं. पस्तीस वर्षं गेटं उघडण्या-मिटण्यात गेलेल्या माणसाला जाळी म्हणजे काय ते कळलं नसतं का? पण मी विचारलंच कुठे होतं! मी टोमणा मारला होता. टोमण्याला कोण कशाला कारण सांगेल?

यंदाच्या दसऱ्याला मीच ताट घेतलं. पहिलाच दसरा तुझ्याशिवाय, काही चुकायला नको म्हणून विळ्यापासून सुरुवात केली. सायकल झाली, मशीन झाली. डब्यापाशी आलो तेव्हा रुमालाची आठवण झाली, पण शोधला नाही. मला तो निव्वळ नट्टापट्टा वाटायचा. चिमूटभर अक्षता टाकल्या. मग वाटलं, तू असतीस तर तूही टाकल्या असत्यास. म्हणून तुझ्या वाट्याच्या अजून एक मूठ टाकल्या.

एक मूठ! चिमूट नाही. तूच सांग, एवढ्याशा पंख्याने काय करावं?

तुझ्या शिवणाच्या डब्यातला छोटा चिमटा घेतला आणि एकेक दाणा उचलला. माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशने धूळ झाडली. एकवीस दाणे निघाले. ते फेकायला हात धजला नाही. कीबोर्डच्या बाजूला एका वाटीत ठेवले आहेत. झाकण लावलं, सुरू केला, आणि रजिस्टर घेऊन समोर बसलो. बारा मिनिटं झाली. वीस झाली. एक तास झाला. पंखा आपला भिरभिरतोय! मी एकटाच टाळी वाजवली. मग कुणाला सांगावं म्हणून बाहेर अंगणात आलो. रस्त्यावर कुणी नव्हतं, सगळा गाव शेतात.

ही झाली नऊ दिवसांपूर्वीच्या गुरुवारची गोष्ट. आता कबुली.

गेल्या रविवारी मी साडेआठपासून तयार होतो. नऊला मेघा आली. तांदळाचं तिला सांगितलं नाही, लाज वाटली. फक्त म्हणालो, "दुरुस्त केला. मी केला." ती खूश झाली. तब्येत विचारली, बरी आहे म्हणालो. जेवण विचारलं, होतं म्हणालो. गोळ्या घेता ना? घेतो. तिथे थंडी आहे का? आहे. नऊ वाजून आठ मिनिटं झाली आणि माझं बोलणं संपलं.

तुम्ही दोघी तासतासभर काय बोलायचात गं? मी अंगणात पेपर वाचायचो आणि मला फक्त तुमचं हसणं ऐकू यायचं. लाखोळीच्या डाळीचे वडे फुटले कसे, कुणाची गाय व्याली, ऑफिसातली कोण कुणाशी बोलत नाही. मी मागून जाता जाता म्हणायचो, "झालं नाई का अजून? काय बोलून रायल्या एवढं?" मला ते सगळं फालतू वाटायचं. आता वाटतं, त्या फालतूतलं पाच मिनिटांचं तरी मला कुणी उसनं द्यावं.

मेघा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. मग तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, तुम्हाला आईची आठवण येते का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ अकरा. मनात म्हटलं, आता होईल बंद. मिनिटभर कसंतरी निभवायचं. खोकलो. चष्मा पुसला. नऊ बारा झाले. डबा चालूच! नऊ तेरा. मेघा अजून वाट बघते आहे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी दिसतं आहे, कारण पडदा मोठा आहे आणि सगळं स्पष्ट दिसतं. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या तो डबा नेमका त्या दिवशी बंद पडेना.

मग मी पाय लांबवला, सुशीला, आणि टेबलाखालचं डब्याचं बटण पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं.

पडदा काळा झाला. मिनिटाभरात फोनवर तिचा मेसेज आला: "परत बंद पडला ना? जाऊ द्या बाबा, मी नवीन पाठवते." आणि मी लिहिलं, "हो."

आयुष्यात मी रजिस्टरमध्ये कधी खोटी नोंद केली नाही. वर असलेल्या साहेबांनी म्हटलं तरी केली नाही. त्या रविवारची ओळ अजून अर्धीच आहे. सुरू, नऊ. बंद, नऊ तेरा. कारणाचा रकाना मोकळा आहे. आठवडाभर ते पान उघडतो आणि मिटतो.

बटण काऊन दाबलं ते मला आता कळतं. डबा तापत होता ते दिवस मला सोयीचे होते. मेघाला वाटायचं, मशीनमुळे बाबांशी बोलणं होत नाही. मलाही तसंच वाटायचं. दुरुस्त झाला आणि आम्हा बापलेकीच्या मध्ये कुणी उरलं नाही. आधी तू होतीस. आमचं सगळं बोलणं तुझ्यामार्फत व्हायचं, तिचं माझ्याकडे आणि माझं तिच्याकडे. मला तिच्याशी थेट बोलायची सवयच लागली नाही. हा तुझाही थोडा दोष आहे हं. एवढं सगळं एकटीने कशाला सांभाळलंस?

आणि गोंदियाच्या त्या म्हाताऱ्याने विचारलं होतं ना, रोज यावर काय करता म्हणून? तुला सांगतो. काहीच करत नाही. दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटर सुरू करतो आणि बाहेर अंगणात जाऊन बसतो. तू शाळेची माहिती भरत बसायचीस तेव्हा आतून हाच आवाज यायचा, पंख्याचा. तो ऐकू आला की घरात माणूस आहे असं वाटतं. दसऱ्यानंतर तो आधी बाराव्या आणि मग दर तीन-चार मिनिटांनी थांबायला लागला, आणि मी दरवेळी उठून आत जायचो आणि परत सुरू करायचो. दुपारभर. रजिस्टरमधल्या रोजच्या नोंदी त्या आहेत. मला फार एकटं वाटतं, सुशीला. हे इतकं सरळ मी तू असताना कधीच बोललो नाही.

साडेचार वाजत आले. दोन तास डबा एकदाही अडखळला नाही. आता माझ्याकडे त्याची काही तक्रार उरलेली नाही.

उद्या नऊला मेघा आली की आधी वाटी कॅमेऱ्यासमोर धरीन आणि एकवीसही दाणे दाखवीन. रुमालाची गोष्ट सांगीन, माझ्या टोमण्यासकट. एक मूठ टाकली होती तेही सांगीन. हसली तर हसू दे. मग सांगीन, गेल्या रविवारी कॉम्प्युटर बंद पडला नव्हता, मी पाडला. मग तिच्या प्रश्नाचं उत्तर देईन. इथे एकदा म्हणून बघतो, म्हणजे उद्या सरळ म्हणता येईल: येते. रोज दुपारी येते. आणि ती गप्प झाली तर मीच विचारीन, "परवा तुला आईची ती काय, गं? त्या दिवशी राहिलं होतं." ती जे काही सांगेल ते पूर्ण ऐकीन, एक तास लागला तरी.

तिच्याशी बोलणं होईपर्यंत खुर्चीवर मांडी घालून बसीन, म्हणजे अंगठा बटणाजवळ जाणार नाही. तुला शब्द देतो. बोलणं झालं की रजिस्टर उघडीन आणि मोकळ्या रकान्यात माझं नाव लिहीन.

तुझा रुमाल सापडला आहे, शिवणाच्या डब्याच्या तळाशी होता. तो धुऊन दोरीवर वाळत घातला आहे.

तुझा,
मेघाचा बाप
वामन